मोठे जावई बसत नाहीत

सायकलची सीट बदलावी, एवढंच मी ठरवलं होतं. कोणाची सोयरीक मोडावी असा माझा मुळीच विचार नव्हता.

मी चिमूरला सरकारी कचेरीत कारकून. दिवसभर लाकडी खुर्चीत बसून बसून, बसण्याच्या बाबतीत तरी आपला कोणी हात धरू शकणार नाही, अशी माझी समजूत होती. सायकल माझी, पण मुळात बदली होऊन गेलेल्या एका साहेबाची. साहेबानं जाताना चांगली सीट काढून नेली आणि तिच्या जागी एक वस्तू ठोकून दिली. ती सीटच्या जागी आहे म्हणूनच तिला सीट म्हणायचं. घर ते कचेरी, कचेरी ते बाजार, एवढं तिच्यावर निभत होतं. पण शिमगा झाला आणि सासऱ्यांचा, म्हणजे बापूजींचा निरोप आला. धाकट्या आशाला पाहून गेलेले सोयरे रविवारी बोलणी पक्की करायला येऊन राहिले आहेत, जवाईबापूंनी अवश्य यावं.

हे 'अवश्य' नुसतं मानापानाचं नव्हतं. बापूजींच्या घराण्यात एक रीत आहे. सोयरिकीच्या बैठकीत अंथरलेल्या घोंगडीवर सर्वांत आधी घरचा मोठा जावई बसतो. तो बसला की पाहुणे बसतात, मग घरचे बसतात, मग सुपारी फुटते. ज्यानं या घरची मुलगी एकदा नेलेली आहे तोच जर खुशाल मांडी घालून बसला, तर पाहुण्यांनी घाबरायचं कारण नाही, असा त्यातला हिशेब. आणि जावई बसलाच नाही तर? तर त्याला ही सोयरीक मंजूर नाही. पाहुण्यांनी गुळपाणी घ्यावं आणि बैल जुंपावेत. बापूजींच्या आत्याच्या वेळी असं झालं होतं. तेव्हाचे जावई काठीला टेकून संध्याकाळपर्यंत उभे राहिले आणि आत्याबाई जन्मभर माहेरीच राहिल्या. मी त्यांना पाहिलं आहे. त्यांच्यासमोर कोणी पुरुष उभा राहिला की त्या तोंड फिरवून घेत.

माझी बायको कमळा आधीच माहेरी गेली होती. 'तुमच्यासाठी रेंगी पाठवतो,' असं बापूजींनी कळवलं होतं. रेंगी म्हणजे आमच्याकडची हलकी बैलगाडी. मी साफ नाही म्हणून कळवलं. सासुरवाडीला बैलगाडीतून गवत झटकत उतरणारा जावई वेगळा आणि घंटी वाजवत उतरणारा जावई वेगळा. साऱ्या कोसंबी गावात दुसरी सायकल नव्हती. (कोसंबी नावाची गावं आमच्या जिल्ह्यात पैशाला पासरी आहेत. ही जंगलातली.) शिवाय, 'नवी सीट बसवून येत आहे, काळजी नसावी, अगदी सिंहासन आहे,' असंही मी कळवून टाकलं. सीट तोवर घ्यायची होती.

आमच्याकडे सायकलचं दुकान एकच, झिंगूचं. झिंगूनं माझ्यासमोर तीन सीटा मांडल्या. एक अरुंद, जिच्यावर बसायला माणूस आधी अरुंद पाहिजे. दुसरी जाड चामड्याची, दगडासारखी टणक. तिसरी रुंद, फुगीर, खाली दोन जाड स्प्रिंगा.

"चामड्याची न्या जी," पंक्चर काढायला आलेला एक मास्तर म्हणाला. "पयले टोचते, मंग हळूहळू आपल्या अंगासारखी होते. माह्यी झाली."

"किती दिवसांनी?"

"झाले असतीन दोन-तीन वर्षं."

बैठक रविवारी होती.

झिंगूनं रुंद सीट माझ्या सायकलवर चढवली आणि सायकल स्टँडवर उभी करून म्हणाला, "बसून पाहा. पटलं त न्या, नाई पटलं त नका नेऊ."

मी बसलो. जागच्या जागी पायडल मारले. मागचं चाक गरगर फिरलं. बाजाराचा दिवस होता, चार माणसं जमली. झिंगूनं चहा मागवला, तो मी सीटवर बसूनच घेतला. एकानं चिरूट दिला, तोही तिथंच ओढला. अंग म्हणून कुठं दुखलं नाही. अशी सीट असली तर माणूस काशीला जाऊन येईल, असं मी मोठ्यानं बोललो आणि सगळ्यांना ते पटलं. (त्या सगळ्या वेळात मी दुकानापासून एक पाऊलही पुढं गेलेलो नव्हतो, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.)

इथंच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण चांगल्यावर आणखी चांगलं करायची मला भारी खोड. घरी येऊन मी माझी उशी उसवली, आतला सावरीचा कापूस एका पिशवीत ठासला, पिशवी शिवून घेतली आणि सीटवर सुतळीनं बांधली. बोटानं दाबलं तर बोट आत जाई. मी दोन-तीनदा बोट घालून पाहिलं आणि समाधानानं झोपलो. उशीशिवाय.

रविवारी सकाळी धोतर, काळा कोट, टोपी अशा थाटात निघालो. गावाबाहेर पडेपर्यंत सिंहासनच होतं. मग जंगलाचा रस्ता लागला. आमच्या जंगलाच्या रस्त्यात खासरांच्या, म्हणजे ओझ्याच्या गाड्यांच्या चाकोऱ्या असतात आणि दोन चाकोऱ्यांच्या मधे जे असतं ते रस्त्यात धरत नाहीत. पहिल्या खाचेत सायकल आपटली आणि स्प्रिंगांनी मला वर फेकलं. वर जायला हरकत नव्हती. पण मी खाली येईपर्यंत गादी डावीकडे सरकलेली असायची. मी तिला मधे ओढायचो, ती उजवीकडे जायची. या ओढाताणीत शिवण कुठंतरी उसवली. मागं वळून पाहिलं तर रस्ताभर सावरीचा कापूस उडून राहिला होता आणि मोहफुलं वेचणाऱ्या दोघी बाया टोपल्या हातात धरून माझ्याकडे टकमक पाहत होत्या. एवढ्या उन्हात हा माणूस आपली गादी सांडत कुठं चालला, असं त्यांना वाटलं असावं.

कापूस संपला. उरलं रिकामं कापड आणि त्याच्याखाली रुंद सीट. रुंद सीटची गंमत अशी की दुकानात ती माणसाला सगळीकडून आधार देते आणि रस्त्यावर सगळीकडून सोलते. अर्धी वाट सरली तेव्हा मी सायकलवर बसलेलो नव्हतो, पायडलवर उभा राहून चाललो होतो. तेही किती वेळ चालणार? एका नाल्याच्या काठी उतरलो. तिथं आंब्याचं झाड होतं. गार, रुंद, हिरवी पानं. माझ्या डोक्यात कल्पना आली. (माझ्या डोक्यात कल्पना आली की कमळा आधी घरातली मोडण्यासारखी भांडी उचलून ठेवते. पण कमळा तिथं नव्हती.) मी घाईघाईनं एक डहाळी ओढली. पानं एकमेकांना चिकटून त्यांचा आयता गठ्ठाच झाला होता. देवानंच गादी करून ठेवली म्हणायची! गठ्ठा तोडला, सीटवर ठेवला, वरून खांद्यावरचा दुपट्टा गुंडाळला आणि बसलो.

फार गार वाटलं. अगदी थोडा वेळ.

ज्यांनी तो गठ्ठा शिवला होता, त्या लाल मुंग्या आतच होत्या. सगळ्या घरीच होत्या म्हणा ना. पुढं काय झालं ते सविस्तर सांगण्यासारखं नाही. सायकल एकीकडे पडली, मी दुसरीकडे, आणि तिथून धावत जाऊन नाल्याच्या पाण्यात बैठक मारली. वर पाहतो तो काठावर खांद्यावर कुऱ्हाड टाकून लालसू उभा. पलीकडच्या टोल्यावरचा, म्हणजे पाड्यावरचा गोंड गडी, कचेरीत नेहमी यायचा, मला ओळखायचा.

"काय करून राह्यले जी?"

"हात-पाय धुऊन राह्यलो," मी म्हणालो.

"बसून?"

"थकलो होतो जरा."

त्यानं मान हलवली. आंब्याच्या झाडाकडे पाहिलं, पडलेल्या गठ्ठ्याकडे पाहिलं. चांगला माणूस. माझी सायकल उचलून झाडाला टेकवली आणि गेला.

पुढची सारी वाट मी सायकल हातात धरून चाललो. सायकलीवर टेकवण्यासारखा माझ्यापाशी एकच भाग होता, आणि तो आता कशावरही टेकवण्यासारखा राहिला नव्हता.

कोसंबीला पोचलो तर अंगणात सगळे माझी वाट पाहत उभे. रीतच तशी, मी बसल्याशिवाय कोण बसणार? पाहुणे मुलाचे वडील लटारूजी, मामा इसरूजी आणि खुद्द मुलगा बिरजू. सपरीत, म्हणजे ओसरीवर, काळी घोंगडी अंथरलेली. दाराआड आशा नवं लुगडं नेसून उभी, तिच्या बांगड्या वाजत होत्या. मी घंटी वाजवली. तेवढीच एक गोष्ट ठरल्यासारखी झाली.

"या, या जवाईबापू! बसा!" बापूजी म्हणाले.

मी घोंगडीकडे पाहिलं. घोंगडीचे केस उभे होते. ते पाहूनच मला घाम फुटला.

"तुम्ही बसा ना," मी म्हणालो.

"असं कसं? पयले तुम्ही."

"मी उभाच बरा आहे."

लटारूजींनी इसरूमामाकडे पाहिलं. इसरूमामांनी आपल्या बैलांकडे पाहिलं. आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? भरल्या अंगणात, नव्या सोयऱ्यांसमोर, काळा कोट घातलेल्या सरकारी माणसानं 'मला मुंग्या चावल्या' म्हणून सांगायचं? आणि कुठं चावल्या, हे विचारल्याशिवाय का कोणी राहिलं असतं? शिवाय सिंहासनाचा निरोप साऱ्या गावानं ऐकलेला.

सासूबाईंना वाटलं, घोंगडी जुनी म्हणून जावई नाराज आहे. त्यांनी वर सतरंजी आणून टाकली. मी उभा. त्यांनी पेटीतून ठेवणीतली शाल काढून सतरंजीवर टाकली. मी उभा. बापूजींनी माझ्या दंडाला धरून मला गोठ्याकडे नेलं.

"सांगून द्या," ते हळूच म्हणाले. "दिवाळीची धोतरजोडी हलकी होती. मले माहीत हाये. त्याचा राग हाये ना?"

"नाही हो बापूजी. धोतर चांगलं आहे."

"मंग ती तांबडी कालवड घेऊन जा."

"नको मला कालवड."

"म्हैस?" बापूजींनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. "दुभती हाये जी."

"म्हैसही नको."

बापूजींचा चेहरा पांढरा पडला. म्हशीलाही नाही म्हणणारा जावई त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. प्रकरण फार खोल आहे, अशी त्यांची खात्री झाली आणि ते गोठ्यातच खुंट्याला धरून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांपुढे आत्याबाई उभ्या असणार. मला त्यांची फार दया आली. पण दया येऊन बसता येत नाही.

मी परत वळतो तो विहिरीपाशी लटारूजींनी मला अडवलं.

"तुमाले कोनं सांगतलं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"असं करू नका जी. तुम्ही कचेरीतले मानसं, तुमाले सगळं मालूम असते. बैल आमचे नाई. आजच्यापुरते मागून आनले. झालं?"

"त्यात काय एवढं," मी म्हणालो.

हे मी मनापासून म्हणालो होतो. पण उभा राहून बोललेलं कोणाला मनापासूनचं वाटत नाही. लटारूजींनी कपाळाचा घाम पुसला.

"मंजे ते बी तुमाले मालूम हाये," ते म्हणाले. "आता लपवून काय फायदा! पोट्टा दंडारीच्या खेळात नाचते. बाईचं सोंग घेते. मंडईच्या जत्रेत गावोगाव जाते. पन लगन झालं की सोडून देईन, आईची आन!"

मी बिरजूकडे पाहिलं. मुलगा गोरागोमटा, खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. तेवढ्यात इसरूमामा मागून आले. आपल्याला वगळून काही बोलणं चाललं आहे असं वाटून ते एका दमात म्हणाले, "आनि घोरते बी!"

मी काहीही विचारलेलं नसताना त्या घरातली सगळी कुलपं अशी माझ्यापुढे उघडत होती. आणखी घटकाभर उभा राहिलो असतो, तर दोन्ही घराण्यांच्या चार पिढ्या मला तोंडपाठ झाल्या असत्या.

शेवटी कमळानं मला स्वयंपाकघरात ओढलं. तिचे डोळे नुसते पेटले होते.

"माह्या बहिणीचा जीव टांगला तिकडे! काय पाह्यजे तुमाले? बाबा म्हैस देऊन राह्यला म्हन्ते, तरी तुमचा रुसवा जाऊन नाई राह्यला?"

मी तिला सांगितलं. झिंगूपासून लालसूपर्यंत सगळं सांगितलं. ती ऐकत गेली. आंब्याच्या झाडापर्यंत तिनं धीर धरला. मग तोंडात पदर कोंबला आणि चुलीपाशी खाली बसून गदगदा हलायला लागली. "माय वो!" म्हणायची आणि पुन्हा हलायची. बाहेर फक्त तिचे हुंदके ऐकू गेले. सपरीतून सासूबाईंचा आवाज आला, "काय सांगतलं वो त्यायनं माह्या लेकीले!" आणि त्या खरोखरच रडायला लागल्या.

"अगं, हसू नकोस," मी म्हणालो. "बाहेर रडताहेत."

तेवढ्यात आशा आत आली. एरवी ही पोरगी माझी टर उडवल्याशिवाय एक दिवस राहत नाही. आज तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि नवं लुगडं मुठीत चुरगाळलं होतं.

"भाऊजी, तुमाले तो पसंत नाई का?"

"तसं नाही गं. पण तो दंडारीत बाईचं सोंग घेतो, तुला माहीत आहे का?"

"मी त्याले दंडारीतच त पाह्यलं!" आशा म्हणाली. "तवापासून मले दुसरं कोनी दिसत नाई. तुम्ही नाई बसले त तो परत जाईन आनि मी आत्याबाईसारखी याच दाराआड म्हातारी होईन. बसा ना भाऊजी. एवढं एकच मागून राह्यली मी तुमाले."

चेष्टा नाही सांगत, या मुलीच्या जन्माचं सुखदुःख माझ्या शरीराच्या त्या भागावर अडून राहावं, ही काही चांगली गोष्ट नव्हती.

कमळानं डोळे पुसले. "सुपारी फुटेपर्यंत बसा," ती कानात म्हणाली. "मंग उठा. पोट दुखते म्हना."

मी बाहेर आलो, धोतर सावरलं आणि घोंगडीवर, सतरंजीवर, शालीवर, एका दमात बसलो.

ते दुःख मी शब्दांत सांगू शकत नाही. माझ्या दोन्ही डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या.

"पाहा, पाहा!" लटारूजी गहिवरून म्हणाले. "साळीसाठी कसा जीव तुटते! जवाई असावा त असा!" आणि त्यांनी मला मिठी मारली, म्हणजे आणखी खाली दाबलं. मग ते आपणहोऊनच सर्वांसमोर बैलांचं बोलले, दंडारीचं बोलले, घोरण्याचंही बोलले. "या मानसाले सगळं मालूम होतं, तरी त्यानं पोटात घातलं!" बापूजी गोठ्यातून धावत आले. सुपारी फुटली. दाराआड बांगड्या पुन्हा वाजल्या, आता वेगळ्या वाजल्या.

मी उठायला गेलो. पण अशा माणसाला उठू कोण देतो? इसरूमामांनी गुडघ्यावर हात ठेवून मला खाली बसवलं आणि आपल्या घराण्याची हकिकत आजोबांच्या आजोबांपासून सुरू केली. मग पान आलं. मग त्याच जागी जेवणाची पंगत बसली. जेवण झाल्यावर सगळे उठले तरी मी बसलेलाच होतो, कारण आता मला उठताच येत नव्हतं. "जवाईबापू बैठकीत रंगले," बापूजी कौतुकानं म्हणाले. शेवटी दोघांनी मला काखेत हात घालून उचललं.

दुसऱ्या दिवशी रेंगीतूनच परत आलो. भाताच्या तणसावर, म्हणजे पेंढ्यावर, पालथा. सायकल शेजारी उताणी. कमळा माझ्या उशाशी बसून सारी वाट मधूनमधून हलत होती, रस्ता खराब नव्हता तिथंही. "कोणाला सांगू नकोस," मी म्हणालो. तिनं वचन दिलं की आशाशिवाय कोणालाही सांगणार नाही.

वैशाखात लग्न झालं. मंडपात लटारूजींनी माझा असा मान केला की वरबापाचासुद्धा कोणी करत नाही. चौघांनी एक गादी वाजतगाजत आणली, तिच्यावर वाकळ घातली, वाकळीवर रेशमी खोळीची उशी ठेवली. सारा मंडप पाहून राहिला. सोयरीक जुळवण्यात मी दाखवलेल्या मोठेपणाची ही पावती, हे उघडच होतं. बोलण्यासाठी दोन शब्द मी घरूनच जुळवून आणले होते. टोपी नीट केली आणि पुढं झालो.

तेवढ्यात नवऱ्या मुलाची म्हातारी आजी बायकांमधून उठली. आजीला ऐकू कमी येतं, त्यामुळे ती बोलते ते सगळ्यांना ऐकू येतं.

"आता बरं हाये का जी तुमचं?"

वाजंत्री थांबली. दंडारीतल्या नवरदेवानं तोंडाला शेला लावला. आशा बाशिंगाआड हलायला लागली.

"बरं आहे," मी म्हणालो.

"मंग," मागून इसरूमामा म्हणाले, "बसून दाखवा."